'उफ्' निघू नये म्हणून

आई-वडिलांच्या खिदमतीविषयी आपल्या समाजात जेवढे बोलले जाते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाविषयी बोलले जात असेल. जुम्म्याच्या बयानात हा विषय येतो, निकाहनंतरच्या नसीहतीत येतो, शाळेच्या निबंधात तर हमखास येतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आठवीच्या वर्गाला 'वालिदैन की खिदमत' असा विषय दिला की मुले दोन-दोन पाने भरून लिहितात. आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे कुणी विसरत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला रात्री दोन वाजता संडासला कोण नेते, ओल्या मोरीत तो घसरू नये म्हणून घरात काय केले आहे, आणि रात्रभर जागलेला माणूस सकाळी कामावर कसा जातो, हे त्या निबंधांत कधी सापडत नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मोठ्यांच्या भाषणांतही ते नसते.

म्हणून आम्हांला एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. म्हाताऱ्या माणसाची सेवा हा नियतचा प्रश्न आहे की इंतजामाचा? मन चांगले असले की सेवा आपोआप चांगली होते, असे आपण धरून चालतो. ते खरे आहे काय?

कुरआन शरीफच्या सूरह बनी इस्राईलमधील तेविसावी आयत आपल्यातील बहुतेकांना ठाऊक आहे. एका अल्लाहच्या इबादतीच्या हुकमाला लागूनच तिथे आई-वडिलांशी चांगले वागण्याचा हुकूम आला आहे, आणि त्यांच्यापुढे 'उफ्' एवढा उद्गारही काढण्याची मनाई केली आहे. पण त्याच आयतीत एक लहानसा शब्द आहे, 'इंदक', म्हणजे 'तुझ्यापाशी'. आई-वडील म्हातारे होतात ते तुझ्यापाशी, तुझ्या आसऱ्याला असताना. म्हणजे 'उफ्'ची मनाई मुख्यतः जवळ राहणाऱ्याला आहे. जो ईदला दोन दिवस येतो, अत्तराची कुपी देतो, डोक्यावर हात ठेवून घेतो आणि परत जातो, त्याच्या तोंडून 'उफ्' निघायला कारणच नसते. तो निघतो एका रात्रीत तिसऱ्यांदा चादर बदलणाऱ्याच्या तोंडून. आणि तो माणूस बहुधा घरातला सर्वांत वाईट माणूस नसतो. बरेचदा तोच सर्वांत चांगला असतो, म्हणून तर चादर त्याच्या वाट्याला आलेली असते.

इस्लामने म्हातारपणाचे खोटे कौतुक केलेले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्या गोष्टींपासून अल्लाहची पनाह मागितली त्यांत गलितगात्र होण्याच्या वयाचाही उल्लेख आहे. हे वय कठीण आहे, ज्याचे त्याला आणि भोवतालच्यांनाही, हे आधीच मान्य केलेले आहे. कठीण गोष्टीची तयारी करावी लागते. तिर्मिजीमध्ये उंटाची हदीस आहे. एकाने विचारले, उंट बांधून तवक्कुल करू की मोकळा सोडून? प्रेषितांनी आधी बांधायला सांगितले. आपल्या घरांत तवक्कुल भरपूर असतो. दोरी मात्र शोधावी लागते. मोरीच्या भिंतीत बसवलेला पोलादी दांडा ही ती दोरी आहे, असे आम्हांला वाटते.

ज्या जुहूत आम्ही राहतो आणि शिकवतो, तिथलेच उदाहरण घेऊ. जुहू म्हटले की लोकांना समुद्र आणि सिनेमावाल्यांचे बंगले आठवतात. इथल्याच जानकी कुटीरमध्ये कैफी आझमी राहत. त्याआधी हे कुटुंब कम्युनिस्ट पक्षाच्या रेड फ्लॅग हॉलमध्ये एका खोलीत राहिले होते. फेब्रुवारी १९७३ मध्ये कैफींना मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला आणि त्यांचा डावा हात व डावा पाय निकामी झाला. मे २००२ मध्ये ते वारले. मध्ये एकोणतीस वर्षे गेली. या एकोणतीस वर्षांत ते नुसते पडून राहिले नाहीत. 'आवारा सज्दे' या संग्रहाला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो या आजारानंतर. आझमगढ जिल्ह्यातील मिजवाँ या आपल्या गावी ते पुन्हापुन्हा गेले, तिथे रस्ता आणि शाळा यावी म्हणून खटपट केली, १९९३ मध्ये मिजवाँ वेल्फेअर सोसायटी स्थापन केली. अर्धे अंग गेलेला माणूस हे करू शकला, कारण त्याच्या पाठीशी घर होते. आणि ते घर सांभाळणाऱ्या शौकत कैफी स्वतः संपल्या नाहीत. 'उमराव जान' (१९८१) आणि 'सलाम बॉम्बे' (१९८८) मधील त्यांच्या भूमिका याच काळातल्या आहेत. त्यांनी आपल्या आयुष्याच्या आठवणी उर्दूत लिहिल्या. आजाऱ्याचे आयुष्य चालू राहिले आणि सांभाळणाऱ्याचेही चालू राहिले. घरातल्या सेवेचे माप घ्यायचे तर ते या दोन गोष्टींनी घ्यावे.

याच कैफींनी सईद अख्तर मिर्झा यांच्या 'नसीम' (१९९५) या चित्रपटात अंथरुणाला खिळलेल्या दादाजानची भूमिका केली. मुंबईतील एका मुस्लिम कुटुंबाची ती गोष्ट आहे, जून ते डिसेंबर १९९२ या काळातली. शाळेत जाणारी नात दादांच्या उशाशी बसते आणि ते तिला जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतात. ६ डिसेंबरला, बाबरी मशीद पाडली गेली त्या दिवशी, दादा जातात. त्या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही एवढेच सांगू, की त्या घरात दादांचा पलंग अडगळीत ढकललेला नाही. बाहेर शहर फाटत असताना घराची आठवण त्या पलंगावर राहते.

कुणी म्हणेल, कैफींकडे नाव होते, माणसे होती. बरोबर आहे. जुहूतच नेहरू नगर आहे, शेजारी जुहू गल्ली आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत घर मिळते ते आधी २२५, पुढे २६९ आणि अलीकडे ३०० चौरस फुटांचे. त्यात सहा-सात माणसे, पाण्याची पिंपे, मुलांची दप्तरे, शिलाई मशीन. अशा घरात पलंग कुठे टाकायचा? लिफ्ट बंद पडली की पाचव्या मजल्यावरून आजारी माणूस खाली कसा आणायचा? श्रीमंताच्या घरात सेवेचा प्रश्न पैशाने सुटतो, निदान सुटल्यासारखा दिसतो. आपल्या घरात तो विचार करूनच सोडवावा लागतो.

हा विचार आपण फार उशिरा करतो. डॉक्टर सांगतात, उद्या घरी न्या, आणि मग एका संध्याकाळी सगळे ठरते. पलंग कोपऱ्यात दोन भिंतींना चिकटवला जातो, कारण तिथेच जागा असते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पलंगावरून उतरताना चांगल्या हाताची बाजू मोकळी लागते, हे कुणी सांगितलेले नसते. पलंगावर बसले की दोन्ही पावले जमिनीला पुरती टेकली पाहिजेत. उंच दिवाण किंवा जमिनीवरची गादी, दोन्ही गैरसोयीचे. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि कमरेला जखमा होतात. हवेची गादी मदत करते, पण कूस बदलण्याचे काम ती करत नाही. मोरीचा उंबरठा, साबणाची गुळगुळीत फरशी, जमिनीवर पसरलेली चटई, रात्रीचा अंधार, या चार गोष्टी म्हाताऱ्या हाडांच्या वैरी आहेत. झिरोचा बल्ब, खरखरीत फरशी, भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे दार यांना फार पैसे लागत नाहीत. दार बाहेर का उघडायचे? आत पडलेला माणूस दारालाच अडकला तर आत उघडणारे दार उघडत नाही. नाहीच जमले तर दार काढून जाड पडदा लावावा.

आपल्या घरांत आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात, ज्या दवाखान्याच्या सूचनांत नसतात. मुंबईहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. पलंग असा टाकता आला की बसल्या बसल्या तोंड किब्ल्याकडे होते, तर नमाजीला पाच वेळा कुणाची वाट पाहावी लागत नाही. खोलीत कमोडची खुर्ची ठेवताना ती किब्ल्यासमोर नको, हेही आधीच पाहिलेले बरे. ज्याने आयुष्यभर हा अदब पाळला त्याला असहाय झाल्यावर रोज तो मोडायला लावू नये. वजूसाठी पलंगाजवळ तसराळे आणि लोटा, पाणी सोसत नसेल तर तयम्मुमसाठी स्वच्छ मातीचे ढेकूळ. बसून, ते न झाल्यास पडल्या पडल्या नमाज पढण्याची सवलत दीनने दिलेली आहे. पण हाताशी लोटा नसेल तर सवलत असूनही नमाज जाते.

आमच्या घरी दादीअम्मा शेवटची काही वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांना वारंवार लघवीचा त्रास होई, ताप येई. औषधाने बरे वाटे आणि महिन्याभरात पुन्हा तेच. एक दिवस अम्मीच्या लक्षात आले की उशाचा पाण्याचा लोटा सकाळी भरला तसाच संध्याकाळी भरलेला असतो. दादीअम्मा पाणी पीतच नव्हत्या. पाणी प्यायले की उठावे लागणार, उठायला कुणाला तरी हाक मारावी लागणार, आणि ज्यांना हाक मारायची त्या सगळ्या दमलेल्या. म्हणून त्यांनी तहान मारायला सुरुवात केली होती. अम्मींनी काही समजावले नाही. कमोडची खुर्ची आणून पलंगाला लावली, मध्ये जुन्या साडीचा पडदा टांगला आणि उशाशी एक घंटी ठेवली. आठवड्याभरात लोटा रिकामा होऊ लागला.

या गोष्टीचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. त्या घरात दादीअम्मांना कुणी 'उफ्' म्हटले नव्हते. तरी तो त्यांना ऐकू येत होता. म्हातारे माणूस घराचा चेहरा वाचत असते. गैरसोयीचे घर तोंडाने काही न बोलता दिवसभर सांगत राहते, की तुझा भार होतो आहे. उलट हाताशी पाणी, पायाशी खुर्ची आणि मध्ये पडदा असला, की तेच घर सांगते, तू इथलाच आहेस. म्हणून आम्ही म्हणतो, की 'उफ्'ची मनाई केवळ जिभेवर नाही, ती घराच्या मांडणीवरही आहे.

आता दुसरी बाजू. खिदमत करतो कोण? आमच्या हजेरीपटावर एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते. घरात दादी किंवा नानी अंथरुणाला खिळली की त्या घरातल्या मुलीची गैरहजेरी सुरू होते. आधी सोमवारी, मग आठवड्यातून तीन दिवस, मग परीक्षेलाच दर्शन. त्याच घरातला तिचा भाऊ रोज शाळेत येत असतो. विचारले तर उत्तर मिळते, "टीचर, दादी के पास कोई तो चाहिए ना." कुणीतरी पाहिजे हे खरेच आहे. पण ते 'कुणीतरी' नेहमी तेरा वर्षांची मुलगी किंवा घरची सून का असते? नातवंडाने उशाशी बसून गोष्टी ऐकणे वेगळे आणि नातीने शाळा सोडून घाण काढणे वेगळे. पहिल्यात दोघांचे भले आहे, दुसऱ्यात एकाचे म्हातारपण दुसऱ्याचे बालपण खाते.

सुनेची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. आई-वडिलांची खिदमत करण्याची जबाबदारी शरीयतने मुलांवर, म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे. सासू-सासऱ्यांची खिदमत सुनेवर वाजिब नाही, ती करते तो तिचा एहसान आहे, असे बहुतेक उलमा सांगतात. पण आपल्याकडे सवाब मुलगा घेतो, चादर सून धुते, आणि लोक म्हणतात, काय खिदमतगार मुलगा आहे! सेवा करू नये असे आम्ही सुनेला सांगत नाही. कित्येक सुना लेकीसारखे करतात. आम्ही एवढेच म्हणतो, की एहसान हा हक्क म्हणून वसूल केला की 'उफ्' जन्माला येतो. रात्रीची एक पाळी मुलाने घ्यावी. वडिलांना आंघोळ मुलानेच घालावी. त्यात पडदाही राखला जातो. लग्न झालेल्या बहिणीने आठवड्यातून एक दिवस यावे, दूरच्या भावाने सल्ला कमी आणि पैसे अधिक पाठवावेत. कुणी काय करायचे हे एकदा सर्वांनी बसून ठरवले तर पुष्कळ कटुता टळते.

जिथे परवडते तिथे आया ठेवतात, पुरुषासाठी वॉर्डबॉय. बारा तासांची पाळी असते. घर तयार करताना या माणसाचा विचार आपण करतो काय? ती बाई बसणार कुठे, जेवणार कधी, घरातला संडास वापरायची तिला मुभा आहे की नाही? तिचा कप वेगळा ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. मसावातवर भाषणे देणारीही आहेत. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही इब्न माजामधील हदीस आपण कारखानदाराला ऐकवतो. ती आपल्या घरातल्या आयेलाही लागू आहे. जिच्या हातात आपण आपली आई देतो, तिला आठवड्याची सुटी देताना आपला हात आखडू नये.

आणखी एक माणूस राहतो, ज्याला बहुधा विचारलेच जात नाही. ज्याच्यासाठी घर बदलायचे तोच. पलंग खिडकीशी हवा की दाराशी, आंघोळ कुणाच्या हातून चालेल, जुनी पेटी उशाशी राहू द्यायची की नाही, आणि अखेरच्या दिवसांत दवाखाना हवा की घर, हे त्याला बोलता येते तोवर विचारले पाहिजे. मशवऱ्याची शिकवण कुरआनने दिली आहे. तिला वयाची अट नाही. शौकत कैफी २२ नोव्हेंबर २०१९ रोजी, त्र्याण्णव्या वर्षी, जुहूच्या घरी वारल्या. त्याआधी काही दिवस त्या इस्पितळात होत्या, अतिदक्षता विभागातही होत्या. त्यांना एकदा आपल्या खोलीत यायचे होते. त्यांना घरी आणले गेले आणि एक-दोन दिवसांत त्या गेल्या. इस्पितळाहून घर बरे, असा नियम यातून काढता येणार नाही. पण कुणीतरी त्यांना विचारले, किंवा निदान त्यांचे ऐकले, एवढे नक्की.

आपल्याकडे 'वृद्धाश्रम' हा शब्द शिवीसारखा उच्चारला जातो. तिथे आई-वडिलांना ठेवणारा तो नालायक, आणि घरी ठेवणारा तो नेक, एवढा सोपा हिशेब आपण करतो. पण घरी ठेवून ज्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, ज्याची कूस बदलली जात नाही, तोही टाकून दिलेलाच असतो. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने मुला-मुलींवर निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे, तो सर्व धर्मीयांना लागू आहे, आणि म्हाताऱ्यांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा पोटगी देववू शकतो. पाण्याचा लोटा हाताशी ठेवणे हे त्याच्या हातात नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. हा भार एकेका घराने एकट्याने उचलणे अवघड आहे. इथे मोहल्ल्याचे काम सुरू होते. आपल्या मशिदींत मय्यत नेण्याचा जनाजा असतो, गुस्लचा तख्ता असतो. कुणाच्याही घरी गमी झाली की तो विनामूल्य मिळतो. ही फार चांगली रीत आहे. पण मेलेल्या माणसासाठी जमातीजवळ जेवढे सामान आहे तेवढे जिवंत आजाऱ्यासाठी का नसावे? एक चाकाची खुर्ची, दोन वॉकर, दोन कमोडच्या खुर्च्या, एक हवेची गादी, एवढे सामान मशिदीत किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत ठेवता येईल. एका घराची गरज संपली की दुसऱ्या घरी जाईल. केरळात कोळिकोड येथे १९९३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी वेदनाशमन सेवा सुरू केली. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारपाजारचे सामान्य लोक शिकून घरोघरी जाऊ लागले, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच आखले. त्या कार्यकर्त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. तिथे जे झाले ते इथे होऊ नये असे काही नाही. जुम्म्याच्या दिवशी दोन तास आजाऱ्याजवळ बसून घरच्या बाईला झोपू देणे, एवढे तर कुणीही करू शकतो.

तेव्हा प्रश्न होता, नियत की इंतजाम. आम्हांला वाटते, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. नियत दिसत नाही, ती अल्लाह जाणतो. माणसांना दिसतो तो इंतजाम. भिंतीतला दांडा दिसतो, बहिणीची ठरलेली पाळी दिसते, आयेचा घरच्यासारखाच कप दिसतो, शाळेत हजर असलेली नात दिसते. या गोष्टी असल्या की दमलेल्या माणसालाही गोड बोलणे जमते. नसल्या की नेक माणसाचाही तोल जातो. ज्या घरात म्हातारे माणूस आहे त्या घराने, आणि ज्या घरात अजून ते म्हातारे झालेले नाही त्याही घराने, या आठवड्यात एकदा आपली मोरी नीट पाहावी. उंबरठा कुठे अडतो, हात कुठे धरायला शोधतो, बल्ब कुठे नाही. खिदमत तिथून सुरू होते.